ठाण्याच्या हवेत रेकॉर्ड कशा सांभाळायच्या: स्टॅटिक, धूळ आणि सुई

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात रात्री हवा जरा कोरडी पडते, ओठ फुटतात, स्वेटर काढताना केस उभे राहतात, आणि नेमकं त्याच दिवसांत एलपी कव्हरातून बाहेर ओढली की चर्रर्र असा बारीक आवाज येतो आणि हातावरचे केस तिच्याकडे ओढले जातात. प्लेअरवर ठेवेपर्यंत तिच्यावर धूळ जाऊन बसलेली असते आणि गाण्याच्या आधी फटफट ऐकू येते. मग माणूस ऑनलाइन स्टॅटिकवरचा, म्हणजे घासल्यानं साठणाऱ्या विजेवरचा, स्प्रे शोधायला लागतो. तो मागवायच्या आधी हे एकदा वाचा, कारण गेली काही वर्षं मी बाबांच्या माळ्यावरच्या सगळ्या रेकॉर्ड एकेक करून धुतल्यात आणि माझं मत आता पक्कं झालंय की आपल्याकडे स्टॅटिक हा मूळ आजार नाहीये, मूळ आजार धूळ आहे, स्टॅटिक फक्त ती धरून ठेवतं.

आधी हे का होतं ते बघू. एलपी पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असते. पीव्हीसी जवळजवळ कशावरही घासलं की ऋण भार ओढून घेतं, आणि त्यातून वीज वाहत नसल्यामुळे तो भार तिथेच बसून राहतो. कागदी स्लीव्हमधून रेकॉर्ड सर्रकन ओढली की भार तयार, सुक्या फडक्यानं पुसली की भार तयार, प्लेअरवरच्या फेल्टच्या मॅटवरून उचलली की परत भार तयार. बाबा दर वेळी लावायच्या आधी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं रेकॉर्ड पुसायचे, फार जपून, फार प्रेमानं, आणि त्या पुसण्यानंच ती धूळ ओढायला तयार व्हायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, वस्तूंवर ओलाव्याचा न दिसणारा थर बसतो आणि भार त्यातून हळूहळू निघून जातो, म्हणून जुलैत तुम्हाला स्टॅटिकचा त्रास जवळजवळ होत नाही. पण बेडरूममध्ये प्लेअर असेल आणि तिथे रात्रभर एसी चालत असेल तर मे महिन्यातसुद्धा खोलीपुरता हिवाळाच असतो.

आता धूळ. आम्ही घोडबंदर रोडच्या बाजूला राहतो. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. ही घरातल्या कापसाची मऊ धूळ नाही, यात सिमेंट आहे, दगडाची भुकटी आहे, म्हणजे रेकॉर्डच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक कण. एलपीची खाच साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद, बारीक केसाएवढी. त्यात हा कण बसला आणि वरून हिऱ्याची सुई गेली की सुई तो कण खाचेच्या भिंतीत दाबते. सुईवर वजन २ ग्रॅमच्या आसपास असतं पण ते टेकतं इतक्या सूक्ष्म टोकावर की तिथला दाब प्रचंड असतो. झीज म्हणतात ती बरीचशी अशी होते. नुसती स्वच्छ रेकॉर्ड आणि नीट लावलेली सुई असेल तर एलपी वर्षानुवर्षं वाजते.

तर पहिलं काम, तुमच्या रेकॉर्डला नक्की काय झालंय ते कानांनी ओळखा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या एलपीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. टक आवाज बरोबर त्याच अंतरानं परत परत येत असेल तर तो ओरखडा आहे, तो कुठल्याही स्प्रेनं जाणार नाही. ४५ च्या छोट्या रेकॉर्डला, म्हणजे ईपीला, हेच अंतर १.३ सेकंदांच्या आसपास. कसंही, कुठेही, ताल न धरता फुटणारी फटफट असेल तर धूळ किंवा स्टॅटिक, आणि हे बरं होण्यासारखं आहे. आणि गायकाचा आवाज चढला की फाटतो, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, स आणि श थुंकल्यासारखे येतात, तर एकतर सुई चुकीची बसलीये किंवा खाच झिजलीये. शेवटच्या गाण्यात जास्त का, तर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलपाशी फक्त २० च्या आसपास, तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे सगळ्या चुका तिथे आधी ऐकू येतात. झिजलेली खाच परत भरत नाही हे एकदा स्वीकारलं की खूप पैसे वाचतात.

आता धुणं. माळ्यावरून काढलेली किंवा फूटपाथवरून आणलेली कुठलीही रेकॉर्ड धुतल्याशिवाय सुईखाली घालायची नाही, हा आमच्या घरात नियम आहे.

पण त्याआधी एक, ७८ ची जाड, जड, पडली तर काचेसारखी फुटणारी तबकडी असेल तर ती लाखेची असते. तिला अल्कोहोल लावायचं नाही म्हणजे नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी कायमची जाते. ती नुसत्या पाण्यानं, एखादा थेंब साबणानं, झटपट धुवून लगेच टिपायची. आणि एलपीच्या सुईनं ती वाजवायची पण नाही, तिची खाच खूप रुंद असते आणि तिला वेगळी जाड सुई लागते.

एलपीसाठी लागतं काय तर डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, दोन मऊ ब्रश, दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी आणि घरातलं ताटाळं. डिस्टिल्ड पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, बॅटरीवाल्याकडे मिळतं, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलंय ना ते वाचून घ्या कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडपण असतं. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात आणि तेच क्षार परत खाचेत फटफटतात, आरओच्या पाण्यातही थोडे असतातच, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्डचाच. साबण एवढ्यासाठी की नुसतं पाणी प्लास्टिकवर मोत्यासारखं गोळा होतं, खाचेच्या तळापर्यंत उतरतच नाही. फिल्म धुणारे जुने फोटोग्राफर याच कामासाठी कोडॅकचं फोटो-फ्लो वापरायचे, ते मिळालं तर उत्तम, बाटलीवर सांगितलंय त्याहून कमीच घ्या. वासाचं, रंगाचं, हात मऊ ठेवणारं वगैरे लिक्विड नको, त्यातलं तेल मागे राहतं.

एक लिटर पाण्यात ते थेंब टाका. लेबल भिजू देऊ नका, जुनी लेबलं शाई सोडतात. मी लेबलपेक्षा थोडी मोठी डब्याची दोन झाकणं घेऊन मधल्या भोकातून नटबोल्टनं आवळतो, कडेला रबराची जुनी वॉशर. रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलवर ठेवायची, आधी साध्या पाण्यानं वरची सैल धूळ वाहून जाऊ द्यायची, हे महत्त्वाचं आहे, कोरड्या धुळीवर थेट ब्रश फिरवला तर तुम्हीच तिला सँडपेपर लावताय. मग साबणाचं पाणी घालून एक मिनिट तसंच ठेवा, मळ फुगू दे. मग ब्रश खाचेच्या दिशेनं, गोल गोल, आडवा कधीच नाही, दाब न देता सात-आठ फेऱ्या. बाजू बदला. मग आरओच्या पाण्यानं साबण पूर्ण जाईपर्यंत, आणि शेवटी दुसऱ्या, कधीही साबण न लागलेल्या ब्रशनं डिस्टिल्ड पाण्याचा हात. साबण राहिला तर सुईवर पांढरट गोळा जमतो, तेव्हा घाई करायची नाही.

फार तेलकट असेल, बोटांचे जुने ठसे असतील किंवा बुरशी असेल तर एक लिटरात १०० मिलिलिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं, त्याहून जास्त घालून काही फायदा मी पाहिला नाही. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातला दिवा, गॅस लांब, ते पेट घेतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला नक्की.

टिपायचं फडक्यानं, पुसायचं नाही. मग ताटाळ्यात उभी. पंखा बंद, कारण पंखा लावला की ओल्या रेकॉर्डवर धूळ चिकटून वाळते. उन्हात अजिबात ठेवू नका, आपल्याकडचं एप्रिलचं ऊन खिडकीच्या काचेतून आलं तरी एलपी वाकडी करतं, आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करायचे घरगुती उपाय बहुतेक वेळा तिला संपवतात. हिवाळ्यात दोन तास पुरतात, पावसाळ्यात रात्रभर लागते. ओली रेकॉर्ड कव्हरात गेली की दोन महिन्यांनी बुरशी बघायची.

धुतल्यानंतर तिला जुन्या कागदी स्लीव्हमध्ये परत घातलीत तर सगळं पाण्यात गेलं, कारण धूळ त्या कागदात आहे, कागदाचे कणही आहेत आणि भारही त्यानंच तयार होतो. नवीन आतली स्लीव्ह पाहिजे, अँटीस्टॅटिक म्हणून मिळते ती पातळ, मऊ, दुधाळ प्लास्टिकची, एचडीपीईची. स्टॅटिकवर मी जे जे केलं त्यात सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीनं पडला. जुनी छापील स्लीव्ह टाकू नका, ती नुसती कव्हरात वेगळी ठेवा. बाहेरच्या कव्हरासाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनची पिशवी, जांभळी नाक्याला पॅकिंगवाल्यांकडे मापानं मिळतात, पण जाड, चकचकीत, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पिशवी घेऊ नका. तिला मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात, तो डाग धुऊन जात नाही.

रोजच्या वापरात मग एवढंच राहतं. रेकॉर्ड स्लीव्हमधून ओढायची नाही, स्लीव्ह थोडी फुगवून तिला हळू हातावर सरकू द्यायची, कडा आणि लेबल सोडून कुठे बोट नाही. प्लॅटरवर, म्हणजे प्लेअरच्या फिरत्या थाळीवर, रेकॉर्ड फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश नुसता टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या, मग हळूच कडेकडे सरकवून उचलायचा. तो धरताना बोटं त्याच्या धातूच्या भागाला लागली पाहिजेत, भार त्या तंतूंतून तुमच्या अंगावर जायला वाट मिळते, प्लास्टिकच्या मुठीला धरलात तर नुसती धूळ इकडची तिकडे होईल. फेल्टचा मॅट असेल आणि रेकॉर्ड उचलताना तोही चिकटून वर येत असेल तर मॅट बदला, कॉर्क किंवा चामड्याचा घ्या. वरचं ॲक्रिलिकचं झाकणपण भार धरतं, त्याला सुकं नाही, ओलसर फडकं. आणि कोरड्या दिवसांत एसीच्या खोलीत एक ओला टॉवेल वाळत टाका, साधा उपाय आहे, काम करतो.

झीरोस्टॅट नावाची पिस्तुलासारखी वस्तू येते, मिल्टी कंपनीची, आत दाबला की वीज तयार करणारा स्फटिक असतो. रेकॉर्डपासून फूटभर लांब धरून ट्रिगर अगदी हळू दाबायचा, तेवढ्याच हळू सोडायचा. टक्क असा आवाज आला तर घाई झाली. स्वस्त नाहीये. कोरड्या एसी रूममध्ये रोज ऐकणाऱ्याला घ्यायला हरकत नाही, पण ठाण्यात वर्षातले दोन-अडीच महिने लागेल अशा गोष्टीवर तेवढे पैसे घालायच्या आधी सगळ्या रेकॉर्डना चांगल्या स्लीव्ह घ्या असं मी सांगेन.

आता स्प्रे आणि रेकॉर्डवर लावायची औषधं. स्टॅटिक कमी करणारे आणि सुईचं घर्षण कमी करणारे खास रेकॉर्डसाठीचे पातळ लेप परदेशात मिळतात आणि काही लोक वर्षानुवर्षं ते वापरून समाधानी आहेत, त्यांना मी खोटं ठरवत नाही. पण तो लेप घाणेरड्या रेकॉर्डवर लावलात तर घाण आत बंद होते. आधी धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग अगदी थोडं, स्वच्छ पॅडनं, आणि पहिला प्रयोग अशा रेकॉर्डवर जिच्यावर तुमचा जीव नाही. फर्निचर पॉलिश, सिलिकॉन स्प्रे, डब्ल्यूडी-४०, खोबरेल तेल, कपड्यांचं अँटीस्टॅटिक, यातलं काहीही नको. मला एका दुकानात नाट्यसंगीताची एक एलपी अशीच कशानंतरी चमकवून दिली होती, काळ्या आरशासारखी दिसत होती, घरी लावली तर पाच मिनिटांत आवाज घोगरा झाला, बघतो तर सुईवर राखाडी चिकट गोळा. ती रेकॉर्ड मला चार वेळा धुवावी लागली. फेविकॉलसारखा डिंक रेकॉर्डवर ओतून वाळवून साल काढतात ते व्हिडिओपण तुम्ही पाहिले असतील, त्यात मळ निघतो हे खरं, पण साल ओढून काढताना इतकं स्टॅटिक तयार होतं की खोलीतली धूळ लगेच येऊन बसते, आणि डिंकाचा तुकडा आत तुटला तर मग काढत बसा. मी करत नाही.

आणि हे सगळं करून सुई खराब असेल तर काय उपयोग. सुईबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही, रेकॉर्ड पिढ्यान्‌पिढ्या जपतात आणि सुई आजोबांच्या काळातली असते. ऑडिओ-टेक्निका कंपनी स्वतःच्या सुयांचं आयुष्य सांगते, कोनिकल टोकाची सुमारे ५०० तास, इलिप्टिकल ३००, मायक्रोलिनिअर १०००. ३०० तास म्हणजे पाऊण तासाच्या ४०० एलपी, रोज एक ऐकलीत तर वर्ष-सव्वा वर्ष. झिजलेली सुई गोल राहत नाही, तिला कडा येतात आणि ती खाच तासते, तेही ऐकू यायच्या आधीच. एका वहीत तास लिहून ठेवा, मी दर एलपीला एक रेघ मारतो.

सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन डिजिटल काट्यावर मोजा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते ती डबी) २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८, तुमच्या कार्ट्रिजचं त्याच्या कागदावर असतं. वजन कमी केलं की रेकॉर्ड कमी झिजते असं वाटतं पण तसं नाही, हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आपटते, त्यानं जास्त नुकसान होतं. दिलेल्या मर्यादेत मधल्या आकड्यावर किंवा किंचित वर ठेवा. सूटकेसमधले स्वस्त प्लेअर आणि जुने सिरॅमिक कार्ट्रिजचे प्लेअर याहून बरंच जास्त वजन टाकतात, त्यांवर ऐकायचा आनंद घ्या पण आजीच्या आवडीची एकुलती एक रेकॉर्ड रोज त्यावर नको. प्लेअर सपाट आहे का ते मोबाइलमधल्या लेव्हलनं बघा, आपल्या जुन्या बिल्डिंगमधल्या फरश्यांचा भरवसा नाही.

सुई साफ करायची तर मऊ छोट्या ब्रशनं, मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून (सुई धरणाऱ्या दांड्याकडून) तुमच्याकडे, उलटं किंवा आडवं केलंत तर कँटिलिव्हर, म्हणजे सुई जिच्या टोकाला असते ती बारीक काडी, मोडू शकतो. किंवा मेलामाइनचा पांढरा स्पंज येतो डाग काढायचा, त्याचा छोटा तुकडा ठेवून सुई त्यावर सरळ खाली टेकवायची, सरळ वर उचलायची, बास, घासायची नाही. प्रत्येक बाजूआधी पाच सेकंदांचं काम आहे.

राहता राहिला पाऊस. स्टॅटिक जातं आणि बुरशी येते. रेकॉर्डचं कपाट बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, आणि इतक्या गच्च नाहीत की एक काढताना दुसरी घासेल. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की बदला किंवा ओव्हनमध्ये कमी आचेवर वाळवून परत घाला, वर्षभर त्याच पुड्या पडून असतील तर त्या नुसत्याच पडून आहेत. श्रावणात एका कोरड्या दिवशी कपाट दुपारभर उघडं ठेवा. बुरशी दिसलीच तर तोंडाला मास्क लावून गॅलरीत, घरात नाही, कव्हर कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं, रेकॉर्ड अल्कोहोलच्या पाण्यानं धुवायची आणि आतली स्लीव्ह सरळ फेकायची, ती वाचवायचा मोह नको, त्यातूनच ती परत पसरते.

मी धुतलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या नवीन स्लीव्हच्या कोपऱ्यात एक छोटं कागदी लेबल चिकटवून महिना आणि वर्ष लिहितो, रेकॉर्ड आत नसताना. गणपती झाले की कपाटातून दहा-दहा काढून उजेडात तिरपी धरून बघायची, जिच्यावर पांढरे ठिपके किंवा ठसे दिसतील तेवढीच परत धुवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.